तांबडीच्या पंचवीस पिढ्या

तांबडीला मी जिवंत पाहिलं ते जेमतेम अर्धा तास, आणि तेही ती आडवी पडलेली असताना. पण त्यानंतर वर्षभर मी तिला आठवड्यातून दोनदा जेवू घातलं. हे मी नातींना सांगते तेव्हा त्या एकमेकींकडे बघतात. आजीचं वय बोलायला लागलं, असं त्यांना वाटतं. म्हणून म्हटलं, एकदा नीट लिहूनच ठेवावं.

तेव्हा मी जनावरांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. काचपट्ट्या धुवायच्या, रंगवायच्या, वाळवायच्या. प्रमुख होत्या मोठ्या बाई. धाकट्या बाई अशा कुणी नव्हत्याच, पण त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायला कुणाची जीभ धजत नसे. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला असायचा आणि तोच चष्मा त्या दिवसातून चारदा मला शोधायला लावायच्या. मी त्यांच्या गळ्याकडे बोट दाखवलं की म्हणायच्या, “तिथे आहे हे मला माहीत होतं. तुझं लक्ष आहे का ते पाहत होते.”

प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीपलीकडे दहा मिनिटांवर काकूंचा गोठा होता. काकू एकट्या, गाई पाच. त्यांतली तांबडी सगळ्यांत दुधाळ आणि सगळ्यांत खाष्ट. तिला गोचीडताप झाला. गोचीड चावतो, त्याच्या लाळेतून एक सूक्ष्म जंतू गाईच्या अंगात उतरतो आणि चांगली धडधाकट गाय दोन-तीन आठवड्यांत जाते. त्यावरचं औषध तेव्हा आमच्या हाती आलेलं नव्हतं. बाईंबरोबर मी पोचले तेव्हा तांबडीने मान टाकली होती आणि खांद्यापुढची गाठ मोसंबीएवढी सुजली होती. बाईंनी त्या गाठीत सुई घातली.

काकू कडाडल्या, “मरणाऱ्या जिवाला आणखी टोचता कशाला हो, डॉक्टरीणबाई?”

“हिच्यासाठी नाही,” बाई म्हणाल्या. “हिच्या पोरीसाठी.”

कोपऱ्यात महिन्याभराची कालवड बांधलेली होती. आईच्याच रंगाची, कपाळावर नखाएवढा पांढरा टिळा. काकूंनी तिच्याकडे पाहिलं, मग तोंड फिरवलं आणि म्हणाल्या, “टोचा.”

सुईतून आलेला तो थेंब आम्ही बाटलीत घातला. चपटी, आडवी ठेवायची बाटली, आत गुलाबी पाणी. त्या पाण्यात पेशींना लागणारं सगळं खाणं असतं. तांबडी त्या संध्याकाळी गेली. तिच्या पेशी गेल्या नाहीत. तीन दिवसांनी बाटलीतलं पाणी पिवळट झालं, म्हणजे आतल्यांनी सगळं फस्त केलं होतं आणि त्यांना भूक लागली होती.

“एरवी या पेशी चार दिवसांत मरतात,” बाई म्हणाल्या. “या कशा जगल्या, सांग?”

मग त्यांनीच सांगितलं. आपल्या अंगात पांढऱ्या पेशी असतात ना, त्या घरच्या राखणदार. चोर आला की धरायचा, हे त्यांचं काम. पण हा जंतू राखणदाराच्याच खोलीत शिरतो. त्याला मारत नाही, उलट फितवतो. म्हणतो, म्हातारा होऊ नकोस, मरू नकोस, नुसता वाढत राहा. एकाचे दोन होतात, दोनाचे चार, आणि दर वेळी खोली वाटली जाताना जंतूही स्वतःची वाटणी करून दोन्हीकडे हजर. राखण कुठली नि काय, राखणदारांची झुंडच्या झुंड आंधळ्यासारखी वाढत सुटते. तीच ती सुजलेली गाठ.

हे मी घरी सांगितलं तेव्हा सासूबाई भाजी निवडत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, “म्हणजे घरजावई!”

दुसऱ्या दिवशी मी बाईंना सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की चष्मा पुसावा लागला. तेव्हापासून आमच्या खोलीत त्या जंतूचं नाव घरजावई पडलं.

बाईंचा बेत असा होता. या पेशींना बाटलीत जगवत ठेवायचं. दर सोमवारी आणि गुरुवारी थोड्या पेशी नव्या बाटलीत, नव्या पाण्यात घालायच्या. ही झाली एक पिढी. बाटलीत घरजावयाला सगळं आयतं मिळतं. ना गाय, ना गोचीड, ना कुणाशी दोन हात. पिढ्यान्‌पिढ्या असं बसून खाल्लं की तो ऐदी होतो, त्याची नांगी गळते. बाईंच्या हिशेबाने शंभर पिढ्यांनंतर तो इतका मवाळ होणार होता, की त्याला वासराला टोचलं तर दोन दिवस कणकण यावी, वासराच्या अंगाने त्याचा चेहरा ओळखून ठेवावा आणि पुढे खरा दांडगा आला की त्याला दारातच धरावं. म्हणजे लस.

बाटल्यांना जेवू घालायचं काम माझ्याकडे आलं. सुट्टी असो, पाहुणे असोत, सोमवार-गुरुवार मी हजर. निघताना सासूबाई दारातून विचारायच्या, “तुझी बाटलीतली बाळं जेवली का गं? मग आमच्याकडे बघ.” तोंडाने टोमणा, पण त्या दिवशी माझा स्वयंपाक त्या आधीच उरकून ठेवायच्या.

काकूही यायच्या, महिन्यातून एकदा, दुधाची किटली घेऊन. मायक्रोस्कोपला डोळा लावून म्हणायच्या, “कुठाय माझी तांबडी?” मी म्हणायचे, “त्या जांभळ्या गोल दिसतायत ना, त्या तिच्या पेशी. आतले निळे ठिपके म्हणजे घरजावई.” काकू बराच वेळ बघायच्या आणि म्हणायच्या, “जाडजूड झालीय. बाटलीवाले, तू पोसतेस चांगलं.” मला त्या बाटलीवाली म्हणायच्या.

आता त्या आकड्याबद्दल. खोलीत एक हिरवं लोखंडी कपाट होतं आणि त्याच्या दारावर खडूने चालू पिढीचा आकडा लिहिलेला असायचा. वही होती, पण हातमोजे घातलेले, बोटं स्पिरिटने ओली, वही कोण उघडणार? नवी बाटली भरली की मनगटाने जुना आकडा पुसायचा आणि एक वाढवून लिहायचा. बाई सकाळी आल्या की आधी तो आकडा बघायच्या, मग मला. आम्हा दोघींचा जीव त्या दारावर होता.

एकाहत्तर आकडा असताना बाई दहा दिवसांसाठी परगावी बैठकीला गेल्या. त्या गेल्या आणि तिसऱ्या दिवशी, बाटल्या ज्यात ठेवायचो त्या उबेच्या पेटीचा काटा अडकला. सकाळी पेटी उघडली तर आतून वाफारा आला. सगळ्या बाटल्या शिजल्या होत्या. मी तिथेच स्टुलावर बसले. घरात एखादं माणूस जावं तशी बसले. मग आठवलं की बाईंनी मधून मधून थोड्या पेशी नळ्यांत भरून नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवल्या होत्या. टाकीतून सगळ्यांत वरची नळी काढली, कोमट पाण्यात धरली, बाटलीत घातली. तीन दिवस मी त्या बाटलीपुढे हात जोडायचीच बाकी होते. चौथ्या दिवशी पाणी पिवळं पडलं. भूक लागली होती त्यांना! त्या आनंदात मी नवी बाटली भरली, दारापाशी गेले, मनगटाने एकाहत्तर पुसलं आणि बहात्तर लिहिलं.

हाताने लिहिलं, डोक्याने नाही.

बाई परत आल्या, ऐकलं, आणि आयुष्यात एकदाच त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “वाचवलीस गं,” म्हणाल्या. नळी कोणत्या पिढीची, हे त्यांनी विचारलं नाही आणि मला सांगायचं सुचलं नाही. गेलेलं परत मिळालं, एवढंच आम्हाला दिसत होतं.

त्यानंतर चौदा आठवड्यांनी दारावर शंभर आलं. बाईंनी त्या आकड्याला खडूने चौकट काढली. पहिली लस तांबडीच्या कालवडीलाच द्यायची, हे तर ठरलेलंच होतं. पंधरा दिवसांनी वरिष्ठांची समिती कालवड बघायला येणार होती. बाईंच्या निवृत्तीला वर्षभर उरलं होतं आणि त्या समितीने मान डोलावली तर लस खऱ्या अर्थाने गोठ्यांपर्यंत पोचणार होती. काकूंनी कालवड धुऊनपुसून उभी केली होती. बाईंनी मानेला सुई टोचली तेव्हा काकू तिच्या कानात म्हणाल्या, “घाबरू नको. तुझी आईच आहे ती.”

आठव्या दिवशी कालवडीला ताप आला.

“यायचाच,” बाई म्हणाल्या. “परवा उतरेल.”

दहाव्या दिवशी ताप उतरला नव्हता. खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी झाली होती आणि कालवड चाऱ्याला तोंड लावत नव्हती. बाईंनी गाठीतला थेंब काढून मला पट्टी रंगवायला पाठवलं. त्या स्वतः गोठ्यातच थांबल्या. मी पट्टी रंगवली, वाळवली, मायक्रोस्कोपखाली ठेवली. मवाळ घरजावई असता तर शंभर पेशींत एखादा दिसला असता. इथे दर चार-पाच पेशींआड निळे ठिपके होते. वर्षभर बाटलीत पाहिलेला तो चेहरा मला दहा हातांवरून ओळखू आला असता. हा काही ऐदी झालेला नव्हता.

मी मान वर केली तर समोर हिरवं दार. पिढ्या पुढे सरकतच होत्या, त्यावर एकशेतीन लिहिलेलं होतं. मी त्या आकड्याकडे बघत राहिले आणि अचानक मला ती टाकीतली नळी आठवली. वही काढली. गोठवलेल्या नळ्यांचं पान उघडलं. सगळ्यांत वरच्या नळीपुढे बाईंच्या अक्षरात स्पष्ट लिहिलं होतं, पिढी सेहेचाळीस.

सेहेचाळीसनंतर सत्तेचाळीस लिहायचं होतं. मी बहात्तर लिहिलं. कालवडीला टोचली ती शंभरावी पिढी नव्हतीच. पंचाहत्तरावी होती.

मी खोटं लिहिणार नाही. गोठ्याकडे जाताना त्या दहा मिनिटांत माझ्या मनात सगळं येऊन गेलं. गप्प बसले तर कुणाला कळणार? समिती पाच दिवसांवर. बाई म्हणतायत तसा एक-दोन दिवसांत उतरेलही ताप. औषध आता आमच्याकडे होतं, दोनच कुप्या, नवंकोरं. पण औषध दिलं की घरजावई मरणार आणि समितीला दाखवायला काही उरणार नाही. बाईंच्या वर्षभराच्या कामावर पाणी, आणि ते ओतणारी मी. पण गोठ्यात शिरले तर कालवड माझ्याकडे बघून उठायला गेली आणि पुढचे गुडघे टेकून पुन्हा बसली. तिच्या आईला मी असंच पाहिलं होतं.

“बाई,” मी म्हटलं, “हिला औषध द्या. आत्ता.”

“कशाला? प्रतिक्रिया थोडी जोरात आहे, पण...”

“ही शंभरावी नाही. पंचाहत्तरावी आहे. पेटी बिघडली तेव्हा नळी सेहेचाळीसची होती आणि मी दारावर बहात्तर लिहिलं. माझ्या हातून झालं.”

बाईंनी चष्म्यासाठी खिसे चाचपले, दोन्ही. या वेळी मी गळ्याकडे बोट दाखवलं नाही. मग त्याच म्हणाल्या, “दोन्ही कुप्या घेऊन ये. पळत जा.”

मी त्या वयात आणि त्या साडीत जशी पळाले तशी आयुष्यात पळाले नाही.

पहिली सुई दिली. दुसरी दोन दिवसांनी, लागली तर. तोवर वाट बघायची. बाई उलट्या घमेल्यावर बसल्या, मी जमिनीवर, काकू कालवडीचं डोकं मांडीवर घेऊन. माझं बोलणं काकूंनी ऐकलं होतंच. शेवटी त्यांनी विचारलं,

“म्हणजे पंचविसाने जास्त लिहिलंस?”

“हो.”

“बाया स्वतःचं वय चोरतात,” काकू म्हणाल्या, “तू माझ्या तांबडीचं वाढवलंस होय गं?”

मला रडू फुटलं. बाई पदराने नाक पुसत होत्या, पण त्या हसत होत्या हे मला दिसलं. काकू मात्र हसल्या नाहीत. कालवडीच्या कपाळावरच्या टिळ्यावर अंगठा फिरवत म्हणाल्या, “ही गेली ना, तर मी तुला बोलणार नाही. पण दूधही देणार नाही. जन्मभर.”

“समिती यायचीय,” थोड्या वेळाने मी बाईंना म्हटलं. “मी सांगेन त्यांना, चूक माझी म्हणून.”

“तू काय सांगणार? चौदा आठवडे रोज सकाळी मी तो आकडा बघत होते. वही माझ्या टेबलावर होती. एकदा वजाबाकी करायला मला काय धाड भरली होती?”

“पण औषधाने आता ठिपके जातील. पेशींचं काय होईल?”

“पाहुणा गेला की पेशीला आपलं वय आठवतं,” बाई म्हणाल्या. “वाढायची थांबते. इतर पेशींसारखी वेळ झाली की निमूट जाते. त्याने तिला कायमचं बिघडवलेलं नसतं, नुसतं भुलवलेलं असतं.”

तिसऱ्या दिवशी दुसरी सुई द्यावी लागली. त्या दिवशी काकूंनी आम्हाला चहा विचारला नाही. पाचव्या दिवशी मी सकाळी गोठ्यात डोकावले तर कालवड उभी होती आणि काकूंच्या खांद्यावरचा टॉवेल चघळत होती. काकू ओरडत होत्या, “सोड, कैदाशिणी! आईच्या वळणावर गेलीय नुसती.” इतका गोड आरडाओरडा मी त्याआधी ऐकला नव्हता.

समितीला बाईंनी खरं ते सांगितलं आणि आणखी मुदत मागितली. तोंडं वाकडी झाली, पण मुदत मिळाली. समिती गेल्यावर बाईंनी ओल्या फडक्याने कपाटाचं दार पुसलं. मनगटाने नाही, चांगलं ओल्या फडक्याने. मध्ये आणखी एक पिढी झाली होती, तेव्हा एकशेचारातून पंचवीस वजा करून एकोणऐंशी लिहिलं. “हं,” म्हणाल्या. “एकवीस राहिल्या.”

पुढे मी रोजची वाट बदलली. सोमवारी-गुरुवारी बाटली भरून झाली की घरी जाताना गोठ्यावरून जायचे. काकू विचारायच्या, “झालं जेवण?” मी म्हणायचे, “झालं.” काकूंना लिहिता येत नव्हतं. त्या एका दोरीला गाठ मारायच्या आणि दोरी पुन्हा खुंटीला टांगायच्या. मला वाटलं, असेल काहीतरी त्यांचं. मी विचारलं नाही, कारण दूध पुन्हा सुरू झालं होतं आणि मला ते बंद पडायला नको होतं.

अकराव्या आठवड्यात दारावर पुन्हा शंभर आलं. या वेळी चौकट काढली नाही. बाईंनी वही आणि दार समोरासमोर ठेवून मला मोठ्याने वाचायला लावलं, आधी पुढून मागे, मग मागून पुढे. प्रश्न एवढाच होता, की आता वासरू कोण देणार? कालवडीचं काय झालं ते आसपासच्या सगळ्या गोठ्यांना माहीत होतं. आम्ही दोघी बोलतच होतो, तेवढ्यात काकू दारात उभ्या राहिल्या. एका हातात ती दोरी, दुसऱ्या हाताने ओढत आणलेलं एक तांबडं वासरू.

“तांबडीच्या बहिणीचं,” काकू म्हणाल्या. “याला टोचा.”

“काकू, तुम्ही?” मी म्हटलं. “परत?”

“मग काय दुसऱ्याचं टोचणार? घरजावई आमच्याच घरचा ना? पण आधी दार वाच. किती लिहिलंय?”

“शंभर. दोघींनी मोजलंय.”

“तिघींनी मोजू,” काकू म्हणाल्या आणि दोरी टेबलावर पसरली. “एकोणऐंशीपासून पुढे. एकवीस यायला हव्यात.”

बाईंनी चष्मा चढवला. काकूंनी एकेका गाठीवर बोट ठेवलं आणि आम्ही मोठ्याने मोजलं. अठरा, एकोणीस, वीस, एकवीस. दोरी संपली नाही. टोकाला आणखी एक गाठ होती, चांगली जाड.

बावीस.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराकडे पाहिलं. वही उघडायला मी हात पुढे केला, तो हात काकूंनी धरला.

“काय गं बाटलीवाले, रंग का उडाला?” त्यांनी दोरीचं ते टोक उचललं, जाड गाठ फासासारखी सैल केली आणि वासराच्या गळ्यात घातली. “ही याला बांधायची.”

बाई स्टुलावर बसल्या आणि हसत हसत त्यांनी मला चष्मा शोधायला सांगितलं. तो त्यांच्या डोळ्यांवरच होता.